करवत विजेची, जबाबदारी मालकाची

कापडाच्या धंद्यातील माणसाने लाकूड कापण्याच्या यंत्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु दुकान नव्याने सजविण्याचे काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतेच. ताग्यांची कपाटे, काउंटर, आरशाच्या चौकटी, छताखालच्या पट्ट्या हे सर्व सुतार मंडळी पुष्कळदा दुकानातच मुक्काम ठोकून तयार करतात. पूर्वी हातकरवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढ्या सामानावर हे काम होत असे. आता मिस्त्री येतो तो विजेची यंत्रे घेऊनच. त्या यंत्रांपैकी एक आहे मायटर सॉ. कोणी त्याला चॉप सॉ म्हणतात, कोणी नुसतेच कटिंग मशीन. लोखंडी बैठकीवर एक हात असतो, त्या हाताला गोल पाते आणि मोटर असते. हात खाली दाबला की पट्टी क्षणात कापली जाते. पात्याचा कोन फिरविता येतो, त्यामुळे चौकटीच्या कोपऱ्याचा पंचेचाळीस अंशांचा काप, जो पूर्वी चांगल्या सुताराची परीक्षा समजला जाई, तो आता नवखा मुलगाही बिनचूक घेतो. जोगेश्वरीच्या ओशिवरा भागातील फर्निचर बाजारापासून भिवंडी-मालेगावच्या लहान गाळ्यांपर्यंत आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनविणाऱ्यांपर्यंत हे यंत्र पोहोचले आहे.

यंत्र उत्तम आहे. त्याविरुद्ध मला काही लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते एका वाक्याविरुद्ध. एखाद्या कारीगराचे बोट गेले की मालक, ठेकेदार, शेजारी, इतकेच काय त्याचे स्वतःचे भाऊबंदसुद्धा एकच वाक्य बोलतात : "त्याचेच लक्ष नव्हते." हे वाक्य बोलले की हिशेब मिटतो. परंतु ज्या यंत्रावर माणूस दिवसाला तीन-चारशे काप घेतो, तिथे एखाद्या कापाच्या वेळी त्याचे लक्ष उडणारच. माणूस आहे, मोटर नव्हे. लक्ष उडाले तरी बोट शाबूत राहावे, अशी व्यवस्था त्या जागी होती की नव्हती, हे विचारले पाहिजे. आणि ती व्यवस्था कारीगराच्या हातात फारशी नसते. पाते कोणते आणायचे, टेबल द्यायचे की यंत्र जमिनीवर ठेवायचे, काम किती दिवसांत मागायचे आणि मजुरी कशी मोजायची, हे पैसे देणारा ठरवितो.

आधी थोडा हिशेब करू. आपण व्यापारी माणसे, आकड्यांवर आपला विश्वास लवकर बसतो. आपल्याकडे सर्रास चालणारे पाते दहा इंची, म्हणजे सुमारे २५५ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा परीघ ८० सेंटिमीटर. मोटर मिनिटाला ४,८०० फेरे देते असे धरले, तर सेकंदाला ८० फेरे होतात. म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला ६४ मीटर धावते, तासाला २३० किलोमीटर. पात्याला ६० दाते असतील तर एका जागेवरून सेकंदाला ४,८०० दाते जातात. काही तरी चुकले हे ध्यानात येऊन हात मागे घ्यायला चपळ माणसालाही सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात साडेनऊशे दाते येऊन गेलेले असतात. तेव्हा "मी हात झटकन काढून घेईन" हा भरवसा कोणी बाळगू नये. मिस्त्री लोक म्हणतात, "सेठ, हात बसलेला आहे." हात बसलेला असतो हे खरे, परंतु तो सरळ, कोरड्या, बिनगाठीच्या लाकडावर बसलेला असतो. लाकूड रोज तसेच मिळते असे नाही.

आता आपल्याकडे हे यंत्र कसे चालविले जाते ते पाहा. बहुतेक ठिकाणी ते जमिनीवर ठेवलेले असते. कारीगर उकिडवा बसतो, पाय अनवाणी, आणि लांब पट्टीचे एक टोक पायाच्या तळव्याने दाबून धरतो. आपल्या जुन्या सुतारकामाची ती पद्धतच आहे. हातकरवतीने कापताना पाय हाच शिकंजा असे आणि त्यात काही वावगे नव्हते, कारण करवत माणसाच्याच जोराने चालत होती. विजेच्या करवतीपुढे तीच सवय घातक ठरते. उकिडव्या माणसाचे तोंड पात्याच्या पातळीवर येते, त्याला पटकन मागे सरता येत नाही, आणि तोल गेला तर तो पुढेच जातो. यंत्र कमरेच्या उंचीवर, हलणार नाही अशा टेबलाला बोल्टने आवळून ठेवावे, दोन्ही बाजूंना त्याच उंचीचे टेकण द्यावे, हा पहिला खर्च. हे टेबल दुकानात पडलेल्या जुन्या प्लायमधून अर्ध्या दिवसात होते. लांब पट्टीचे दुसरे टोक धरायला एखाद्या मुलाला उभे करण्याची चाल आहे, तीही वाईट. मुलगा थकतो, टोक खाली जाते किंवा तो नकळत ओढतो, आणि चालू पाते लाकडाच्या फटीत आवळले जाते. घोडी ठेवावी. लाकडी घोडी थकत नाही.

यंत्राच्या मागच्या बाजूला एक उभी पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. या पट्टीचे काम ज्याला समजले त्याला अर्धे यंत्र समजले. पात्याचे खालचे दाते कारीगराकडून फेन्सकडे धावतात. लाकूड फेन्सला घट्ट भिडलेले असेल तर दाते त्याला आणखी दाबून धरतात आणि काप निमूटपणे होतो. मध्ये बोटभर जरी फट असेल, तर दात पडताच लाकूड त्या फटीत फेकले जाते, आणि ते धरलेला हात त्याच्याबरोबर पात्याकडे खेचला जातो. वाकडी पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवावी. खोलगट बाजू फेन्सला लावली तर नेमकी कापाच्या जागी पोकळी राहते, काप संपता संपता लाकूड मिटते आणि पाते चावले जाते. लाकूड खाली बैठकीवरही सपाट टेकलेले हवे. गोल दांडा, पडद्याचा असो की पलंगाच्या पायाचा, हाताने धरून कापूच नये. तो फिरतो. त्याला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत बसवून शिकंज्याने आवळावे.

हाताच्या बाबतीत नियम सोपा आहे : पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांची जागा हाताला बंद. बैठकीवर तांबड्या रंगाने दोन रेषा ओढून टाकाव्यात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. डावा हात उजव्या बाजूला आणि उजवा डाव्या बाजूला, असा हातांचा फुलीसारखा छेद पात्यासमोर कधीही करू नये.

तुकडा इतका लहान असेल की हात त्या रेषेच्या आत गेल्याशिवाय तो धरता येत नाही, तर तो शिकंज्याने धरावा, नाही तर लांब पट्टीच्या टोकाला असतानाच कापून घ्यावा. आपल्या धंद्यात कटपिसावर संसार चालतात, म्हणून कटपिसाला मी कधी नावे ठेवणार नाही. पण लाकडाचा कटपीस वेगळा. दोन इंचांचा तुकडा वाचविण्यासाठी तो बोटांच्या चिमटीत धरून पात्याखाली देणारे कारीगर मी पाहिले आहेत, आणि मागे उभे राहून "वाया घालवू नकोस" म्हणणारे मालकही पाहिले आहेत. सागवान महाग आहे हे मान्य. बोटाचा भाव मात्र त्या मालकाने कोठे विचारला आहे असे दिसत नाही.

काप संपल्यावरचा क्षण तर सर्वांत फसवा. पट्टी कापली, काम झाले, असे वाटून कारीगर चालू पात्यासकट हात वर उचलतो आणि दुसऱ्या हाताने पडलेला तुकडा बाजूला सारतो. पाते वर येताना तो सुटा तुकडा दातांत अडकून गोळीसारखा उडतो, किंवा सारणारा हातच सापडतो. बटण सोडावे, पाते खालीच पूर्ण थांबू द्यावे, मग वर उचलावे आणि मगच तुकड्याला हात लावावा. ब्रेक असलेल्या यंत्रात पाते लवकर थांबते. ब्रेक नसेल तर ते कितीतरी सेकंद फिरत राहते, आणि बटण सोडल्यावर आवाज कमी होत असल्याने ते थांबल्यासारखे वाटते. एकाच मापाचे पुष्कळ तुकडे कापताना एका बाजूला अडणी लावतात. ती धरलेल्या भागाच्या बाजूला असावी. कापून पडणाऱ्या तुकड्याच्या बाजूला अडणी असेल तर तो तुकडा पाते आणि अडणी यांच्या मध्ये कोंडला जातो आणि जोराने फेकला जातो.

ज्या यंत्राचा हात दांड्यांवर मागे-पुढे सरकतो, त्यात आणखी एक गोष्ट आहे. हात आधी पाते बंद असताना आपल्याकडे ओढून घ्यायचा, मग चालू करून खाली दाबायचा, आणि कापत कापत फेन्सकडे ढकलायचा. काही जण उलटे, ओढत ओढत कापतात. तसे केले तर दाते लाकडावर चढून सगळा हात कारीगराच्या अंगावर धाव घेतो.

हातमोज्यांचा प्रश्न मुद्दाम वेगळा लिहितो, कारण यात आपल्या कापडवाल्यांची समजूत उलटी आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर ज्या उभ्या सुरीच्या यंत्राने कापडाच्या थप्प्या कापतो, तिथे कापड धरणाऱ्या हातात पोलादी जाळीचा मोजा घालावा लागतो. ती सुरी वर-खाली चालते, गोल फिरत नाही, आणि जाळी तिला अडविते. हे पाहिलेला एखादा भला मालक सुतारालाही हातमोजे आणून देतो. कृपा करून देऊ नये. फिरत्या पात्याच्या दातात मोज्याचा एक धागा जरी सापडला तरी पाते मोजा ओढते आणि मोज्याबरोबर सगळा पंजा. उघड्या हाताचे जिथे टोक कापले गेले असते तिथे पूर्ण हात जातो. हाच नियम सैल कुर्त्याच्या बाहीला, गळ्यातल्या रुमालाला, मनगटावरच्या धाग्याला, अंगठीला आणि घड्याळाला. गळ्यात तावीज असेल तर तो शर्टाच्या आत घालून वरचे बटण लावावे. मोजे चालतात ते फक्त पाते बदलताना, जेव्हा पिन बोर्डातून काढून हाताजवळ ठेवलेली असते.

पात्याच्या खरेदीत होणारी कंजुषी हा मालकांचा खास प्रांत आहे. आडवे काप घेणाऱ्या यंत्राला बारीक दात्यांचे, साठ-ऐंशी दाती पाते लागते, आणि त्याचे दात किंचित मागे झुकलेले असावे लागतात. फळ्या लांबीत चिरण्याचे चोवीस दाती पाते, ज्याचे दात पुढे झुकलेले असतात, ते इथे लावले तर लाकडावर चढते आणि उचलून आपटते. दुकानदार दोन्ही पाती "दहा इंची" म्हणूनच देतो. म्हणून पात्यावर छापलेले वाचावे : किती फेऱ्यांपर्यंत ते चालेल, हा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा जास्तच असला पाहिजे. ॲल्युमिनियमसाठी त्याचे स्वतंत्र पाते येते. लोखंड या यंत्रावर कापूच नये, ठिणग्यांनी भुसा पेटतो. बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक धोक्याचे, कारण बोथट पात्यावर माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात घसरला की थांबत नाही.

पात्यावर एक प्लास्टिकची झडप असते. हात खाली आला की ती आपोआप वर सरकते आणि वर गेला की पाते झाकते. कित्येक यंत्रांवर ती तारेने वर बांधून ठेवलेली दिसते, किंवा काढूनच टाकलेली असते. कारण विचारले तर उत्तर येते की रेषा दिसत नाही. झडप भुशाने आणि डिंकाने मळली म्हणून रेषा दिसत नाही. यंत्राची पिन काढून दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसली तर दिसेल. आमच्या यंत्रमागावर धोटा उडून डोळ्यात जाऊ नये म्हणून आडवी सळई लावण्याची सोय असते, तीही अडचण वाटते म्हणून काढलेली मी पाहिली आहे. रोग दोन्ही धंद्यांत तोच आहे.

मायटर सॉ परवडत नाही म्हणून त्याच्या जागी जे केले जाते, ते याहून भयंकर आहे. संगमरवर कापण्याचे चार इंची यंत्र, ज्याला सगळे मार्बल कटर म्हणतात, त्यात लाकडाचे दातेरी पाते घालून प्लाय कापला जातो. काही जण तर हातात धरायच्या ग्राइंडरवर असे पाते चढवितात. ही यंत्रे मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतात आणि ग्राइंडर तर दातेरी पात्यासाठी बनविलेलाच नसतो. गाठ लागली की ते यंत्र हातातून उडी मारते, आणि ते जिथे उडते तिथे मांडी, पोट किंवा मान असते. मायटर सॉची बैठक निदान पात्याला एका जागी बांधून ठेवते. दहा-बारा हजारांपासून साधे मायटर सॉ बाजारात मिळते. दुकानाच्या फर्निचरवर पाच-सात लाख घालणाऱ्याने ठेकेदाराला ग्राइंडरवर लाकूड कापू देऊ नये, एवढे सांगण्याचा हक्क त्याला आहेच.

विजेबद्दल थोडक्यात. पिन तोडून उघड्या तारा काडेपेटीच्या काडीने बोर्डात खोचलेल्या दिसतात, त्यात अर्थिंगची तार नसतेच. यंत्राचे बटण दाबून धरावे लागते म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळून ते कायमचे दाबलेले ठेवतात. त्यात वीज गेली, कारीगर तुकडा काढायला वाकला, आणि वीज परत आली, तर पाते आपोआप फिरू लागते. ज्या गावांनी वर्षानुवर्षे भारनियमन सोसले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. बटण बांधलेले दिसले तर त्या दिवशी काम थांबवावे.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे हवेतच, त्यावर वाद नाही. भुशाबद्दल मात्र आपल्याकडे फारच बेफिकिरी आहे. लाकडाची धूळ म्हणजे नुसता खोकला असे समजले जाते. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या-टेबलांसाठी प्रसिद्ध गाव आहे. तेथील फर्निचर कामगारांत नाकाच्या एका विरळ कर्करोगाचे प्रमाण फार आहे, हे १९६०च्या दशकात तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. यंत्राला भुशाची पिशवी किंवा नळी जोडावी, कारीगराला चांगला मास्क द्यावा, आणि संध्याकाळी झाडू मारून ती धूळ पुन्हा हवेत उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने किंवा व्हॅक्युमने साफ करावी. बंद शटरच्या आत रात्रपाळीचे काम करवून घेणाऱ्यांनी तर याचा विशेष विचार करावा.

आता कायद्याकडे येतो. १९४८च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की ती जागा कारखाना ठरे, आणि यंत्राला संरक्षक कठडा, डोळ्यांना चष्मा, अंगाबरोबरचे कपडे हे सर्व मालकावर बंधनकारक होई. २०२०च्या कामगार संहितेने हा आकडा वीस केला. म्हणजे चार-पाच सुतारांचा गाळा तेव्हाही त्या व्याख्येच्या बाहेर होता आणि आता तर आणखी दूर गेला. तिथे निरीक्षक येत नाही. परंतु पुष्कळ मालकांना वाटते की निरीक्षक नाही म्हणजे जबाबदारीही नाही, तो गैरसमज आहे. कामावर असताना इजा झाली तर भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर १९२३च्या कायद्यानेच टाकली होती. तीत मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती जबाबदारी मालकाचीच आहे. १९२३च्या त्या कायद्याच्या परिशिष्टात तर बोटांचा दरच लावला होता : अंगठा गेला तर कमाईची ताकद शेकडा ३० गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. सुताराचा अंगठा गेला तर प्रत्यक्षात शेकडा किती जाते, ते कोणत्याही सुताराला विचारावे.

त्याच कायद्यात मालकाला सुटकेची एक वाटही होती. कारीगराने सुरक्षेसाठी दिलेली झडप जाणूनबुजून काढली असेल आणि इजा मृत्यूची किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाची नसेल, तर मालक भरपाई नाकारू शकत असे. ही वाट काही मालकांना तोंडपाठ आहे. बोट गेल्यावर ते प्रथम झडपेकडे बोट दाखवितात. माझा त्यांना साधा प्रश्न आहे : तुम्ही रोज त्या यंत्राजवळून चार वेळा जात होता, झडप तारेने बांधलेली तुम्हाला दिसत होती, काम लवकर होते म्हणून तुम्ही गप्प राहिलात, मग ती काढली कोणी?

मजुरीची पद्धत हेही एक कारण आहे. कापाच्या कामावर फुटाप्रमाणे पैसे मोजले की कारीगर शिकंजा लावणार नाही, कारण शिकंजा आवळायला आणि सोडायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याच्या खिशातून जातो. यंत्रावर बसणाऱ्याला रोजंदारी द्यावी, जुळणी आणि पॉलिश यांचे काम हवे तर फुटाने मोजावे. तसेच दुकानाच्या मुहूर्ताची तारीख. ईद किंवा दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना काम काढायचे आणि मिस्त्रीला रात्री दोनपर्यंत यंत्र चालवायला लावायचे, ही आपल्या बाजाराची जुनी खोड आहे. झोपेने जड झालेल्या डोळ्यांपुढे ते पाते फिरत असते. सणाच्या तोंडावर उद्घाटन नाही झाले तर एका हंगामाची विक्री कमी होईल, हे नुकसान मला ठाऊक आहे, आणि तरीही मी म्हणतो की काम सणानंतर काढावे. काम देतानाच मिस्त्रीशी लेखी ठरवावे : टेबल, शिकंजे, योग्य पाते, चष्मे आणि मास्क यांचा खर्च वेगळ्या ओळीत दाखव, मी देईन, आणि रात्री नऊनंतर यंत्र बंद. तो चकित होईल, कारण असे त्याला आजवर कोणी विचारलेले नसते.

चहा आणायला ठेवलेल्या पोराला यंत्रावर बसवू नये. चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीवर ठेवणे हा १९८६च्या आणि २०१६ साली सुधारलेल्या कायद्याने गुन्हाच आहे. सोळा-सतरा वर्षांचा शागीर्द असेल तर उस्तादाने त्याला आधी महिनाभर मापे घेणे, टेकण लावणे, पात्याची धार ओळखणे एवढेच शिकवावे. पुष्कळ उस्ताद उलटे करतात. सर्वांत कंटाळवाणे काम म्हणून शंभर पट्ट्या कापण्याचे काम नव्या मुलाकडे देतात आणि स्वतः जुळणीला बसतात.

एवढे करूनही अपघात झालाच, तर काय करावे हे आधीच सर्वांना ठाऊक हवे, कारण त्या वेळी कोणाला काही सुचत नाही. यंत्राची पिन काढावी. जखमेवर स्वच्छ कापडाची घडी घट्ट दाबून धरावी आणि हात छातीच्या वर ठेवावा. कापडाच्या दुकानात स्वच्छ सुती कापडाची तरी कमतरता नसते. हळद, चहापूड, चुना, कॉफी काहीही भरू नये, त्याने डॉक्टरचे काम अवघड होते. तुटलेले बोट शोधावे, टाकून देऊ नये. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्याच्या डब्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते गोठून निकामी होते. १०८ला फोन करावा, किंवा गाडी हाताशी असेल तर तिनेच निघावे. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रत्येक दवाखान्यात होत नाही, तेव्हा आपल्या शहरात किंवा जवळच्या शहरात ती कोठे होते याची चौकशी काम सुरू होण्यापूर्वीच करून तो फोन नंबर यंत्राच्या वर भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मराठी, उर्दू आणि हिंदीत लिहून ठेवावा. डब्यावर बोट तुटल्याची वेळ लिहावी, डॉक्टर ती प्रथम विचारतात.